डाग दिलेले हात

वनिताचा आजार आधी बोटांत शिरला. ती नववीत होती. थंडीतल्या एका सकाळी तिला गणवेशाची बटणं लावता येईनात. आई शेवंतानं ती लावून दिली आणि म्हणाली, गारठ्यानं आखडली असतील, जरा चुलीजवळ बस. पण बोटं मोकळी झाली नाहीत. मग ताप आला, उतरला, परत आला. केस मुठीमुठीनं गळायला लागले. दोन्ही गालांवर लाल चट्टे उठले आणि उन्हातून आली की ते मिरची चोळल्यासारखे भगभगायचे. अळणावरच्या डॉक्टरांनी रक्त तपासून तिला हुबळीला पाठवलं. तिथल्या मोठ्या दवाखान्यात नेत्रा नावाच्या तरुण डॉक्टरीणबाईंनी आजाराचं नाव सांगितलं. ल्यूपस.

डॉक्टरीणबाई धारवाडच्या, घरी मराठी बोलणाऱ्या. त्यांनी आईबापांना समोर बसवून समजावलं. "रोगाशी लढायची ताकद प्रत्येकाच्या अंगात असते. हिच्या अंगातली ती ताकद हिच्याच अंगावर उलटलीय. आज सांध्यांवर, कातडीवर. उद्या मूत्रपिंडावर जाऊ शकते. मुळापासून जात नाही हा आजार, पण गोळ्यांनी आटोक्यात राहतो. उन्हात फिरायचं नाही. आणि या बारक्या पांढऱ्या गोळ्या एकदम बंद करायच्या नाहीत. कुणी काहीही सांगो. एकदम बंद केल्या तर पोरगी जिवाला मुकेल."

बाप भीमरावानं मान हलवली. तो अळणावरला लाकडाच्या गिरणीत करवतीवर ओंडके चढवायचं काम करत असे. डाव्या हाताची दोन बोटं त्या करवतीनंच नेली होती. घर मात्र जवळच्या एका खेड्याबाहेर, जंगलाच्या कडेला. भीमरावाचा आधी हात चालायचा, तोंड मागाहून. भात करपला, पाणी गार निघालं, एखादं उत्तर उशिरा आलं, एवढं पुरे व्हायचं. शेवंताच्या गळ्याजवळचं हाड एकदा त्याच्या लाथेनं मोडलं होतं आणि ते वाकडंच सांधलं होतं. वनितावर मात्र त्यानं कधी हात उगारला नव्हता. आजारपणात पोरीला चालवेना तेव्हा तो तिला पाठीवर घेऊन बस थांब्यापर्यंत न्यायचा, आणि बसमध्ये कुणी तिच्या गालांकडं टक लावून बघितलं तर त्याच्याकडं असा बघायचा की तो माणूस मान वळवायचा.

गोळ्यांनी दुखणं उतरलं. पण चेहरा सुजल्यासारखा गोल झाला, मानेवर मांस चढलं. वनितानं आरसा उलटा करून ठेवला आणि मे महिन्यात ती शाळेच्या तयारीला लागली.

अर्धी नववी बुडाली होती. तिच्या वर्गाच्या सुलभाबाईंनी हेडमास्तरांशी भांडून तिला दहावीत बसवून घेतलं होतं. "खिडकीपासून लांबचा बाक देते," बाई म्हणाल्या होत्या, "मैदानावर यायचं नाही. पण दहावी बुडवायची नाही." वनिता सकाळी उठून आधी कोमट पाण्यात हात बुडवून बसायची. बोटं जरा सैल झाली की पेनाला चिंधी गुंडाळून ते जाड करायची आणि लिहायला बसायची. आधी एक ओळ व्हायची, नंतर अर्धं पान. सगळा तास ताठ बसायची सवय मोडली होती, म्हणून भिंतीला न टेकता बसून धडे वाचायची. उन्हं कलली की लांब बाह्यांचा झगा घालून, छत्री घेऊन बस थांब्यापर्यंत चालत जायची आणि परत यायची. पहिल्या दिवशी ती वाटेत वडाखाली बसून रडली. महिना संपता संपता न थांबता जाऊन येऊ लागली.

भीमराव हे बघायचा. एकदा शेवंताला म्हणाला, "जाईल गे पोरगी शाळेला."

त्याच सुमारास त्याचा थोरला भाऊ परशुराम घरी आला. घरात त्याला कन्नडातल्यासारखं दोड्डप्पाच म्हणत. गुरांचं दुखणं बघणं हा त्याचा धंदा. लंगडणाऱ्या बैलाच्या सांध्यावर तापल्या लोखंडानं डाग द्यायला आसपासच्या गावांतून त्याला बोलावणं यायचं, आणि बैल चालायला लागला की लोक त्याच्या पाया पडायचे.

त्यानं वनिताची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं. "भीम्या, ह्याला बरं होणं म्हणतोस? भोपळा झालाय पोरीचा. त्या डॉक्टरीणबाईनं विष घातलंय हिच्या अंगात."

"दुखणं कमी आहे की पण, अण्णा."

"दुखणं कमी नाही, दाबून ठेवलंय. वात सांध्यात बसलाय. तो डागानंच बाहेर पडतो. गोळ्या बंद कर आणि माझ्याकडं दे हिला."

"दोड्डप्पा," वनिता म्हणाली, "गोळ्या बंद करायच्या नाहीत म्हणून सांगितलंय. मला शाळेला जायचंय."

परशुरामानं तिच्याकडं पाठ केली. भावाला म्हणाला, "हिला करून घेणार कोण, ते बघितलंस काय? हे तोंड घेऊन शाळेला जाणार. सगळं अळणावर बघणार. तुला चालतंय तर मला काय."

भीमरावानं त्या दिवशी भावाला चहा पाजून वाटेला लावलं. पण ते बोलणं त्याच्या डोक्यात राहिलं. नंतर एका सकाळी गिरणीत ओंडका चढवताना जोडीदार सहज बोलून गेला, "भीमराव, पोरीला महारोग झालाय म्हणतात, खरं काय?" भीमरावानं हातातला लोखंडी आकडा त्याच्या खांद्यात घातला. माणूस किंचाळत भुशात लोळला. लोकांनी भीमरावाला ओढून बाजूला केलं आणि मालकानं त्याला तिथल्या तिथं कामावरून काढलं. तो फाटकाबाहेर आला तेव्हा सदऱ्यावर दुसऱ्याचं रक्त होतं. घरी न येता तो आधी परशुरामाकडं गेला.

दुपारी दोघं मिळून आले. शेवंता तांदूळ निवडत बसली होती. भीमराव सरळ कोनाड्याकडं गेला, गोळ्यांची पाकिटं गोळा केली आणि चुलीत टाकली. प्लास्टिक चरचरलं, वास सुटला. शेवंतानं चुलीत हात घातला. त्यानं तिच्या केसांना धरून मागं ओढलं आणि तोंडावर मारलं. ती पुन्हा चुलीकडं गेली. दुसऱ्या वेळी त्यानं तिला पालथ्या हातानं असं हाणलं की ती भिंतीवर आपटून खाली बसली. त्यानं तिला फरपटत आतल्या खोलीत नेलं आणि बाहेरून कडी घातली.

वनिता परसात होती. पळायचा तिनं प्रयत्न केला, पण गुडघे तिच्या म्हणण्यात नव्हते. परशुरामानं मागच्या दारी शेणी पेटवल्या होत्या आणि त्यात विळ्याचं पातं खुपसलं होतं.

"अप्पा," ती म्हणाली, "अप्पा, नको."

"थोडंच दुखेल बाळ," भीमराव म्हणाला. "एकदा सोस. तुझ्या बऱ्यासाठीच हाय हे." त्यानं तिला खाली पाडलं, पाठीमागून कवेत घेतलं आणि आपल्या तीन बोटांच्या हातानं तिची दोन्ही कोपरं आवळून धरली.

पहिला डाग उजव्या मनगटावर पडला. वनिताची किंकाळी ऐकून शेजारची कुसुम कुंपणापाशी धावत आली. परशुरामानं तिला विळा दाखवला, तशी ती जागीच थांबली. दुसरा डाग डाव्या मनगटावर. आतून शेवंता दार धडाधडा बडवत होती, शिव्या देत होती, मग नुसतीच ओरडत होती. तिसरा डाग गुडघ्यावर टेकला तेव्हा वनिताचं अंग सैल पडलं. भीमरावानं तिला हलवलं. "अण्णा, बेशुद्ध झाली."

"वात बाहेर पडला," परशुराम म्हणाला आणि विळा पाण्यात बुडवला.

दुसऱ्या दिवशी वनिता उठून बसली, थोडी पेजही प्याली. भीमरावाला वाटलं, गुण आला. त्यानं परशुरामाला तसं सांगूनही पाठवलं. गोळ्या आणायला शेवंता एकदा गुपचूप निघाली, तर त्यानं तिला वाटेत गाठून मारत घरी आणलं आणि दारातच बसून राहिला. पुढं वनिताला उलट्या सुरू झाल्या. पोटात कळा येत होत्या, मनगटांवरच्या जखमा पिवळ्या पडल्या होत्या. ती आईला ओळखत होती, पण बोलायला तिची जीभ उचलत नव्हती. मग ओळखेनाशी झाली. हात लावला तर अंग गार.

शेवंता उठली. मागच्या भिंतीला कोयता टांगलेला असायचा, तो घेऊन ती दारात आली.

"वाट सोडा."

भीमरावानं कोयत्याकडं बघितलं. लग्न झाल्यापासून ह्या बाईनं त्याच्यापुढं नजर वर केली नव्हती. "खाली ठेव ते," तो म्हणाला आणि तिच्या हाताला झोंबला. शेवंतानं कोयता चालवला. तो त्याच्या दंडावर बसला, सदरा फाटला आणि मांस उघडं पडलं. भीमराव मागं सरकत उंबऱ्यावरून बाहेर पडला आणि तिथंच बसला. दंडातून रक्त बोटांवर ओघळत होतं आणि तो ते दुसऱ्याच कुणाचं असल्यासारखं बघत राहिला.

"कुसुम, टेंपो काढायला लाव," शेवंतानं कुंपणाकडं तोंड करून सांगितलं. कोयता तिनं खाली ठेवला नव्हता.

कुसुमच्या नवऱ्याचा भाजीचा टेंपो होता. दोघी बायकांनी वनिताला मागं चटईवर घातलं. हुबळीच्या वाटेवर धारवाड मागं पडलं, रायापूरला गाड्यांच्या गर्दीत टेंपो अडकला, तेव्हा शेवंता खाली उतरून रस्त्यावर उभी राहिली आणि गाड्यांच्या बॉनेटांवर हात आपटत वाट मागू लागली. तिचा एक डोळा सुजून मिटला होता, पदराला रक्त लागलं होतं. लोकांनी वाट दिली.

डॉक्टर नेत्रांनी वनिताला बघताक्षणी विचारलं, "पांढऱ्या गोळ्या कधीपासून बंद आहेत?" शेवंतानं सांगितलं. डॉक्टरांनी मनगटांवरचे डाग बघितले आणि नर्सला कन्नडमध्ये भराभर सलाईन आणि इंजेक्शन आणायला सांगितलं. एकीकडं त्या म्हणाल्या, "पोलिसांना फोन लावा."

भीमराव मागून कुणाच्या तरी मोटारसायकलवर आला होता. दंडाला टॉवेल गुंडाळलेला. दारातून त्यानं दोन गोष्टी ऐकल्या, पोलीस आणि इंजेक्शन. "हात लावू नका तिला," तो ओरडत आत शिरला. "तुमच्या गोळ्यांनीच पोरगी मारली माझी."

"तुम्ही बाहेर थांबा," डॉक्टर नेत्रा म्हणाल्या. इंजेक्शन त्यांच्या हातात भरून तयार होतं. "हे आत्ता गेलं नाही तर ती राहणार नाही."

भीमरावानं त्यांच्या कानाखाली मारली. त्या लोखंडी ट्रॉलीवर कोसळल्या, कपाळ ट्रॉलीच्या कडेला लागलं आणि भुवई फाटली. कातऱ्या, बाटल्या फरशीवर पसरल्या. पहारेकरी आणि दोन वॉर्डबॉय धावत आले. त्यांनी भीमरावाला पाडलं आणि मारायला सुरुवात केली. मग ज्यांचा काही संबंध नव्हता, अशा दुसऱ्या रोग्यांच्या नातेवाइकांनीही हात धुऊन घेतले. त्याच्या जखमी दंडावर कुणीतरी बूट घातला. तो गुरासारखा हंबरला.

डॉक्टर नेत्रा उठल्या. रक्त डोळ्यात उतरत होतं, ते त्यांनी बाहीनं पुसलं. हातातली सुई वाकली होती. दुसरी सुई मागून घेतली, वनिताच्या कोपराजवळची शीर शोधली आणि औषध हळूहळू आत सोडलं. सलाईन जोरात सोडायला सांगून मग त्या स्टुलावर बसल्या आणि एवढंच म्हणाल्या, "आता माझ्या कपाळाला कुणीतरी कापूस द्या."

संध्याकाळ व्हायच्या आत वनितानं डोळे उघडले. "आई, तहान," ती म्हणाली. पोलीस भीमरावाला त्याच दारावरून नेत होते. त्यानं ते ऐकलं. तो तिथंच थांबला, हवालदारानं ढकललं तरी पुढं सरकेना. पोरीनं पाण्याचा घोट घेतलेला त्यानं बघितला. मग त्याचं तोंड रडण्याआधी वाकडं होतं तसं झालं आणि त्याला ओढत नेलं.

दवाखान्यात वनिता बरेच दिवस होती. जखमा चिघळल्या होत्या. आजारानं परत उसळी मारली होती आणि लघवीतून प्रथिनं जात होती. म्हणजे मूत्रपिंडाला धक्का बसला होता. गोळ्या वाढल्या. बाहेर पाऊस सुरू होऊन शाळा उघडल्या होत्या.

"माझं वर्ष गेलं काय?" तिनं डॉक्टर नेत्रांना विचारलं. त्यांच्या भुवईवर टाके होते आणि डोळ्याखाली काळंनिळं.

"उशिरा जाशील. गेलं कुठं?"

"लिहिता येईल?"

डॉक्टरांनी तिचा हात उचलून बोटं एकेक करून वाकवली. वनितानं दात आवळले. "येईल. मनगटाची कातडी आक्रसेल, म्हणून रोज असं ताणायचं. दुखेल."

"तुमाला दुखतंय?" वनितानं त्यांच्या कपाळाकडं बघत विचारलं. "अप्पानं मारलं तिथं."

"दुखतंय," डॉक्टर म्हणाल्या. "रागही येतो. पण तुझा नाही."

परशुराम एकदा केळी घेऊन आला. शेवंता पाणी आणायला गेल्याचं बघून तो खाटेपाशी बसला. पोलीस जबाब घ्यायला येणार हे त्याला ठाऊक होतं. "चुलीवर पडलीस म्हण," त्यानं हळू आवाजात सांगितलं. "बाप आधीच आत हाय. चुलत्याला पण घालणार? मग तुझ्या आईला त्या गावात कोण राहू देतंय बघतो मी." बोलता बोलता त्यानं तिच्या पट्टी बांधलेल्या मनगटावर अंगठा ठेवला आणि दाबला. वनिताच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण ती ओरडली नाही.

योगिता नावाची पोलीसबाई आली तेव्हा वनितानं सगळं सांगितलं. विळा कुणी तापवला, कोपरं कुणी धरली. बापाचं नाव घेताना ती थांबली. योगितानं कन्नडमध्ये विचारलं, "हेळ्तिया?" सांगतेस ना? वनितानं मान हलवली आणि तेही सांगितलं. मग चादर तोंडावर ओढून ती भिंतीकडं वळली.

परशुरामालाही पोलिसांनी धरलं, पण तो थोड्याच दिवसांत जामिनावर सुटला. भीमरावाला वेळ लागला, कारण डॉक्टरवर हात टाकल्याचा गुन्हा मोठा होता.

घरी आल्यावर वनितानं सगळी तयारी पहिल्यापासून सुरू केली. कोमट पाणी, पेनाची चिंधी, भिंतीला न टेकता बसणं. आता त्यात मनगटं ताणायची भर पडली होती. शेवंता तिचा तळहात मागं रेटायची आणि जखमेची कातडी पांढरी व्हायची. "सोडू?" शेवंता विचारायची. "अजून जरा," वनिता म्हणायची आणि उशीत तोंड घालून ओरडायची. गोळ्या आता शेवंताच्या कमरेच्या पिशवीत असत आणि दारामागं कोयता. परशुरामानं दोनदा अंगणात येऊन शिव्या घातल्या. एकदा कौलांवर दगड पडले. शेवंता दार उघडून कोयत्यासह उंबऱ्यावर बसली, तसे थांबले.

जुलैच्या शेवटी डॉक्टरांनी शाळेला जायला परवानगी दिली. सोमवारी सकाळी पाऊस उघडला होता आणि ऊन पडलं होतं. वनितानं बटणं स्वतः लावली. वेळ लागला. डोक्याला रुमाल बांधला, छत्री घेतली आणि मायलेकी बस थांब्यावर आल्या.

परशुराम तिथंच उभा होता. थांब्यावर बरीच माणसं होती. बाजाराला निघालेल्या बायका होत्या, कामगार होते. सगळ्यांनी त्याला बघितलं आणि थोडी जागा सोडली.

"जबाब फिरवायचा," तो म्हणाला. "आज धारवाडला जायचं माझ्यासंगं, वकिलाकडं. शाळा नंतर."

"पोरीच्या अंगावर सावली पाडू नका," शेवंता म्हणाली.

त्यानं वनिताच्या हातातली छत्री हिसकली आणि गुडघ्यावर मोडली. मग तिचं उजवं मनगट धरलं आणि तिला ओढलं. नवी कातडी फाटली. शेवंतानं त्याच्या हातात दात रोवले. त्यानं तिच्या पोटात लाथ घातली आणि ती रस्त्यावर पडली. थांब्यावरच्या बायका ओरडल्या, पण पुढं कुणी आलं नाही. वनिता दुसऱ्या हातानं दगडी कट्टा धरून राहिली. बोटांत जोर नव्हता, एकेक बोट सुटत होतं.

भीमराव कुठून आला, ते तिला कळलं नाही. शनिवारीच त्याला जामीन मिळाला होता. घरी यायचं तोंड नव्हतं म्हणून तो गिरणीमागच्या खोपटात राहिला होता. पोरगी आज शाळेला जाणार हे कुणाकडून तरी कळलं आणि तिला लांबूनच बघायला तो आला होता. त्याच्या हातात सागवानाची फाळकी होती, गिरणीत कापून उरलेली जाड पट्टी. ती त्यानं परशुरामाच्या कानावर घातली. परशुराम वळला, तेव्हा दुसरा फटका जबड्यावर बसला आणि हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. परशुराम गुडघ्यांवर आला. भीमराव मारत राहिला. पाठीवर, खांद्यावर, डोकं झाकणाऱ्या हातांवर. रक्ताचे शिंतोडे वनिताच्या पांढऱ्या झग्यावर उडाले.

"अप्पा, पुरे," ती म्हणाली.

त्याला ऐकू आलं नाही. परशुराम आता हलतही नव्हता. वनिता कट्टा सोडून पुढं गेली आणि दोघांच्या मध्ये, पडलेल्या चुलत्याच्या अंगाला लागून उभी राहिली. फाळकी वर गेली होती. ती तिच्या डोक्यावर थांबली.

भीमराव धापा टाकत होता. पोरीच्या मनगटावरून रक्त बोटांवर ओघळत होतं. "माझ्यामुळं झालं," तो म्हणाला. "त्यानं तुला हात लावला, वनी."

"तूच धरलं होतंस की मला."

त्याच्या हातातली फाळकी गळून पडली. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवायला हात पुढं केला. वनिता एक पाऊल मागं सरकली. त्यानं हात मागं घेतला आणि तो चिखलात बसला. कुसुमचा नवरा टेंपो घेऊन आला, लोकांनी परशुरामाला उचलून त्यात घातलं. त्याचा श्वास चालू होता.

बस आली. शेवंता पोट धरून उठली. "जा," ती म्हणाली. "इथलं मी बघते."

"तुला लागलंय."

"मला नवं नाही. जा की गे."

वनिता बसमध्ये चढली. तिचा झगा बघून दोघा-तिघांनी जागा बदलली. एका म्हातारीनं मात्र तिला खिडकीपासून आत घेऊन स्वतः उन्हाच्या बाजूला बसून घेतलं आणि मनगटावर आपला पदर दाबून धरला. अळणावर येईपर्यंत तिनं तो तसाच धरून ठेवला.

शाळेत प्रार्थना संपत होती. मुलं तिच्याकडं वळून बघू लागली. कुणीतरी हसलं, कुणीतरी "रक्त" म्हणालं. सुलभाबाई रांग मोडून धावत आल्या. त्यांनी तिला नळावर नेलं, मनगट धुतलं, कार्यालयातून पट्टी आणली.

"कुणी केलं हे?"

तिनं सांगितलं. बाईंनी मध्येच डोळे मिटले.

"घरी सोडू तुला? रिक्षा बोलावते."

"नको बाई. घरी पोलीस आले असतील." तिनं पट्टीवरून बाही खाली ओढली. "आज बसते. लिहिणार नाही, नुसती ऐकते."

खिडकीपासून लांबच्या बाकावर ती त्या दिवशी शेवटच्या तासापर्यंत बसली. शेजारची मुलगी मध्ये दप्तर ठेवून बाकाच्या पार टोकाला सरकली होती. दुपारी तिनं विचारलं, "लागण होते काय ह्याची?" वनिता म्हणाली, "नाही. माझं माझ्यापुरतंच हाय." मुलीनं थोडा विचार केला आणि आपलं दप्तर मधून काढलं.

परशुराम वाचला. एका कानानं त्याला ऐकू येत नाही आणि जबडा नीट मिटत नाही, त्यामुळं बोलणं लोकांना समजायला वेळ लागतो. मायलेकींच्या वाटेला तो परत गेला नाही. भीमराव पुन्हा आत गेला आणि ह्या वेळी बराच काळ राहिला. शेवंतानं मुलीसह अळणावरला शाळेजवळ खोली घेतली आणि एका खाणावळीत भाकऱ्या थापायला जाऊ लागली.

दहावीच्या परीक्षेत वनिताला जास्तीचा वेळ मिळाला होता, तरी शेवटच्या पेपराला बोटं सुजली आणि एक प्रश्न राहिला. ती पास झाली, पहिल्या वर्गाला थोडी कमी पडली. आता ती धारवाडला कॉलेजला जाते. कधी महिना चांगला जातो, कधी पायऱ्या चढताना कठडा धरावा लागतो. दर काही आठवड्यांनी हुबळीला रक्त तपासायला जाते तेव्हा डॉक्टर नेत्रा आधी मनगटं बघतात, मग बाकीचं.

शेवंता अधूनमधून तुरुंगात भेटायला जाते. तो नवरा आहे म्हणून जाते की आणखी कशासाठी, ते तिलाही नीट सांगता येत नाही. एकदा परत आल्यावर ती म्हणाली, "तुझं विचारत होते. शाळा झाली काय म्हणून."

वनिता बोटं पाण्यात बुडवून बसली होती. "मग काय सांगितलंस?"

"झाली म्हटलं. तू येशील काय, असंही विचारलं."

वनितानं पाण्यातून हात काढले आणि बराच वेळ टॉवेलनं पुसत राहिली. "अजून नाही," ती म्हणाली.